परवानगीची चौकट रोज का उगवते?

प्रश्न : आम्ही कर्वेनगरला राहतो. मी आणि माझे यजमान घरूनच काही दुकानदारांचे हिशेब लिहितो. घरात एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप आहे, दोन्हींवर विंडोज आहे, शिवाय डेस्कटॉपवर एक विकतचा अँटिव्हायरस आहे. गेले काही महिने फायरवॉलची परवानगी विचारणारी चौकट सारखी समोर येते. कधी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडताना, कधी मीटिंगचे ॲप अद्ययावत झाल्यावर, तर कधी अभियांत्रिकी शिकणारा मुलगा संगणकावर बसलेला असताना ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ अशा अनोळखी नावाने. घाईत असलो की आम्ही ‘कॅन्सल’ दाबतो. उजव्या कोपऱ्यात ‘तुमची फायरवॉल धोक्यात आहे’ अशी लाल सूचनाही येते आणि तिच्यात फोन नंबर असतो. शेजारी म्हणतात, फायरवॉल बंद करून टाका. दुरुस्तीवाले म्हणतात, विंडोज नव्याने टाकावे लागेल. हे कायमचे थांबवायचे कसे?

उत्तर : आपल्या पत्रात जे एकच दुखणे म्हणून आले आहे ती खरे तर चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि शेजाऱ्यांचा व दुरुस्तीवाल्यांचा असे दोन्ही उपाय त्यांतल्या एकाचेही मूळ शोधत नाहीत. त्यातही कोपऱ्यात येणारी लाल सूचना सर्वांत तातडीची असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करतो.

विंडोजची खरी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडण्यांवर पहारा देणारी सोय, परवानगी विचारताना कधीही फोन नंबर देत नाही. ज्या सूचनेत फोन नंबर आहे, ‘ताबडतोब संपर्क करा’ असा मजकूर आहे किंवा संगणकात अमुक इतके विषाणू सापडल्याची बतावणी आहे, ती सूचना फायरवॉलची नव्हे, कोणत्या तरी संकेतस्थळाची आहे. एखादे पान उघडताना ‘सूचना पाठवू का?’ या प्रश्नाला घरातल्या कोणी तरी ‘अलाऊ’ असे उत्तर दिलेले असते आणि त्या दिवसापासून ते संकेतस्थळ ब्राउझरच्या आडून अशा भीतीदायक पाट्या पाठवू लागते. नीट पाहिले तर सूचनेच्या कडेला लहान अक्षरांत ब्राउझरचे आणि त्या संकेतस्थळाचे नाव दिसते. क्रोम वापरत असाल तर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. तेथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते. जे नाव आपण ओळखत नाही ते निःसंकोच काढून टाका. त्या सूचनेतील नंबरवर आजवर कोणी फोन केला आहे का, हे घरात स्पष्ट विचारा. फोन केला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा दूरून देणारे एखादे ॲप टाकले असेल, तर प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडा, ते ॲप काढा आणि बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. आपल्याकडे इतरांच्या व्यवसायाचे हिशेब आहेत, म्हणून हे काम आजच्या आज व्हावे असे मला मनापासून वाटते.

आता खऱ्या चौकटीकडे वळू. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत जावक, म्हणजे संगणकातून बाहेर जाणाऱ्या, जोडण्यांना अडवत नाही, आवक, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या, जोडण्यांना अडवते. आपण ब्राउझरमध्ये एखादे पान उघडता किंवा मीटिंगमध्ये सामील होता, तेव्हा जोडणीची सुरुवात आपल्या संगणकाकडून होते, त्यामुळे तिच्यासाठी काहीही विचारले जात नाही. मात्र एखादे सॉफ्टवेअर ‘बाहेरून कोणी जोडणी मागितली तर मी ती घेईन’ अशा तयारीने कान देऊन बसते आणि त्या सॉफ्टवेअरसाठी आधी कोणताही नियम लिहिलेला नसतो, तेव्हा ती चौकट समोर येते. आपण दिलेले उत्तर नियमाच्या रूपाने कायमचे नोंदले जाते. येथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते, ती म्हणजे ‘कॅन्सल’ दाबणे म्हणजे प्रश्न पुढे ढकलणे नव्हे. ‘कॅन्सल’ दाबताच त्या सॉफ्टवेअरला मनाई करणारे नियम तयार होतात, बहुधा दोन, नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींसाठी एकेक. ते हाताने काढेपर्यंत मनाई कायम राहते. शिवाय परवानगीचा आणि मनाईचा असे दोन्ही नियम एकाच सॉफ्टवेअरला लागू होत असतील, तर मनाईचा नियम वरचढ ठरतो. आपल्या लॅपटॉपला डेस्कटॉपवरचे हिशेब मध्येच दिसेनासे होत असतील, तर त्याचे कारण घाईत दाबलेले एखादे ‘कॅन्सल’ असण्याची दाट शक्यता आहे.

उत्तर कायमचे नोंदले जात असेल तर चौकट पुन्हा का यावी, हा आपल्या पत्राचा गाभा आहे. नियम सॉफ्टवेअरच्या नावाने नोंदला जात नाही, ते सॉफ्टवेअर डिस्कवर ज्या ठिकाणी आहे त्या संपूर्ण पत्त्याने नोंदला जातो. सोसायटीच्या रखवालदाराकडे पाहुण्याचे नाव न लिहिता केवळ सदनिकेचा क्रमांक लिहून ठेवला, तर तोच पाहुणा उद्या शेजारच्या सदनिकेत राहायला आल्यावर त्याची पुन्हा चौकशी होणारच. आपल्या मीटिंगच्या ॲपचे असेच होत असावे. काही ॲप्स ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये न बसता वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये बसतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी तेथे आवृत्तीच्या क्रमांकाचा नवा फोल्डर तयार करतात. पत्ता बदलला की जुना नियम निरुपयोगी ठरतो आणि फायरवॉल पुन्हा विचारते. घरातील दोन व्यक्तींची विंडोजवर दोन वेगळी खाती असतील तर दोघांच्या ‘ॲपडेटा’चे पत्तेही वेगळे असतात, म्हणून एकाने परवानगी दिल्यावरही दुसऱ्याला प्रश्न येतो. पत्त्यातील बदलता भाग सोडून देऊन ‘या फोल्डरखालचे सर्व काही’ असा नियम विंडोजच्या फायरवॉलमध्ये लिहिता येत नाही, त्यामुळे असल्या ॲपसाठी नियम लिहून हा त्रास कायमचा मिटत नाही.

मग करायचे काय? मीटिंगच्या ॲपला आवक जोडणीची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहा. बहुतेक मीटिंग्ज केवळ जावक जोडणीवर व्यवस्थित चालतात. चौकटीला ‘कॅन्सल’ म्हणून मीटिंग घेऊन पाहा. आवाज आणि चित्र नीट असेल तर मनाई तशीच राहू द्या, त्यात आपले काहीही नुकसान नाही. एवढे केल्यावरही दर आवृत्तीला येणारा प्रश्न नकोसा वाटत असेल, तर त्या ॲपची सर्व वापरकर्त्यांसाठी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसणारी आवृत्ती निर्मात्याकडे उपलब्ध आहे का ते पाहा, किंवा मीटिंग थेट ब्राउझरमधून घ्या.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र वेगळी आहे. डेस्कटॉपवरचे हिशेब लॅपटॉपवरून पाहण्यासाठी डेस्कटॉपने आवक जोडणी स्वीकारणे आवश्यकच असते, म्हणून येथे परवानगी देणेच योग्य आहे. प्रश्न आहे तो ती रोज का मागितली जाते हा. हिशेबाची कामे करणाऱ्या घरांत माझ्या पाहण्यात येणारे पहिले कारण म्हणजे त्याच सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती. एक जुन्या आवृत्तीची, एक नव्या आवृत्तीची, एखाद्या ग्राहकासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली, तर एखादी चक्क पेनड्राइव्हवरून चालवलेली. पेनड्राइव्हला विंडोज आज एक अक्षर देते आणि उद्या दुसरे, म्हणजे तिचा पत्ताही बदलला. सॉफ्टवेअरची एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवून ग्राहकांची केवळ माहिती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, तर हा प्रकार थांबतो. पडद्यावरचे सॉफ्टवेअरचे चित्र (शॉर्टकट) नेमकी कोणती प्रत उघडते ते तपासून, जुन्या प्रती खरोखर लागत नाहीत याची खात्री करून आणि हिशेबांची एक प्रत बाजूला जपून ठेवूनच हे आवरण्याचे काम हाती घ्या.

दुसरे कारण आपल्या अँटिव्हायरसमध्ये असू शकते. अनेक विकतच्या अँटिव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असते आणि ती चालू असताना विंडोजची फायरवॉल बाजूला होते. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ हा भाग पाहिला की आपल्या डेस्कटॉपवर सध्या कोणाची फायरवॉल काम करते आहे ते लिहिलेले दिसते. तेथे अँटिव्हायरसचे नाव असेल, तर रोजची चौकट त्याची आहे आणि उपायही त्याच्याच सेटिंग्जमध्ये आहे. अशा फायरवॉलना बहुधा दोन पद्धतींनी चालवता येते. एका पद्धतीत ती ओळखीच्या सॉफ्टवेअरबाबत स्वतःच निर्णय घेते, तर दुसरीत आवक असो वा जावक, प्रत्येक नव्या जोडणीला आपल्याला विचारते. ही दुसरी पद्धत कोणी तरी चालू करून ठेवली असेल तर घरच्या संगणकावर काम करणे अशक्य होते, आणि सारखे विचारल्याने माणूस न वाचता उत्तरे देऊ लागतो, हे मला त्या त्रासापेक्षाही मोठे नुकसान वाटते. स्वतः निर्णय घेणारी पद्धत निवडा. उत्तर देताना ‘हे लक्षात ठेवा’ अशा अर्थाची खूण चौकटीत असेल तर तीही करायला विसरू नका. संगणक ‘साफ’ करून देणारे एखादे सॉफ्टवेअर आपण चालवत असाल तर ते बंद करा, कारण त्यांतील काही सॉफ्टवेअर फायरवॉलचे नियमही कचरा समजून काढून टाकतात.

‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ हे नाव पाहून आपण घाबरलात, हे स्वाभाविक आहे, पण ते जावाचे, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नाव आहे. आपल्या मुलाने माइनक्राफ्टची जावा आवृत्ती उघडून मित्रांसाठी घरच्या नेटवर्कवर खेळ खुला केला, किंवा अभ्यासासाठी जावात लिहिलेला छोटा सर्व्हर (इतरांच्या मागणीला उत्तर देणारा प्रोग्राम) चालवला, की ही चौकट येते. चौकटीत खेळाचे वा प्रकल्पाचे नाव न येता जावाचे येते, कारण फायरवॉलच्या दृष्टीने चालणारी फाइल जावाचीच असते. येथे परवानगी देताना एक सावधगिरी हवी. ती परवानगी त्या एका खेळाला मिळत नाही, जावाच्या त्या प्रतीतून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळते. खेळाचा लाँचर स्वतःची जावा आणतो, मोबाइल ॲप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ हे सॉफ्टवेअर स्वतःची आणते आणि महाविद्यालयाच्या सूचनेप्रमाणे टाकलेली तिसरी असते, म्हणून प्रश्नही तीन वेळा येतो.

मुलाला एक गोष्ट अवश्य सांगा, त्याच्या पुढच्या शिक्षणातही ती उपयोगी पडेल. सरावासाठी लिहिलेला सर्व्हर जर फक्त त्याच संगणकावरच्या ब्राउझरमधून पाहायचा असेल, तर तो सर्व नेटवर्क पत्त्यांवर खुला न ठेवता 127.0.0.1 या स्वतःच्याच पत्त्याला बांधावा. मग तो बाहेरच्या जोडण्यांची वाट पाहतच नाही आणि फायरवॉलला विचारण्यासारखे काही उरत नाही. नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्राम ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या साधनावर, काम करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना हीच चौकट त्रास देते, कारण पत्ता स्पष्ट न सांगितल्यास तो सर्व्हर सर्व पत्त्यांवर कान देऊन बसतो. चौकट दाबून टाकण्यापेक्षा मुळातली ओळ दुरुस्त करणे केव्हाही चांगले.

चौकटीत ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’ असे दोन प्रकारही विचारात घ्यावे लागतात. घरचा, आपल्याच ताब्यातला राउटर हे खासगी नेटवर्क, आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेतले, पुणे स्टेशनवरचे किंवा पाहुण्यांसाठी कार्यालयात दिलेले वायफाय हे सार्वजनिक. काही वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत एकच वायफाय सगळे वापरतात. ते घरात असले तरी सार्वजनिकच समजावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला परवानगी फक्त ‘प्रायव्हेट’साठी द्या. मात्र त्यासाठी आपले घरचे नेटवर्क खासगी म्हणून नोंदलेले असायला हवे, आणि विंडोज 11 नवे नेटवर्क सार्वजनिकच धरते. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने राउटर बदलून दिला असेल, तर जुन्या राउटरवेळची नोंद नव्याला लागू झालेली नसण्याचा संभव आहे. सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये चालू जोडणीची माहिती उघडल्यावर ‘नेटवर्क प्रोफाइल टाइप’ दिसतो. दोन्ही संगणकांवर तो एकदा पाहून घ्या. राउटर बदलल्यापासून हिशेब लॅपटॉपवर दिसत नसतील तर सर्वप्रथम हेच तपासा.

फायरवॉल बंद करण्याच्या सल्ल्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि बंद केल्यावर लगेच काही बिघडत नाही, म्हणून तो बरोबरही वाटतो. 2003 सालच्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा, म्हणजे संगणकातून संगणकात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर पसरला. त्यासाठी कोणालाही फाइल उघडावी लागली नव्हती की दुव्यावर टिचकी मारावी लागली नव्हती. विंडोजमधील त्रुटी न सांधलेला संगणक नेटवर्कला जोडलेला असणे आणि त्याचे 135 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणी आत घेण्याचे दार, बाहेरून गाठता येणे, एवढेच पुरेसे होते. विंडोज एक्सपीमध्ये तेव्हाही फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असे. पुढच्या वर्षी, 2004 मध्ये, आलेल्या सर्व्हिस पॅक 2 पासून ती आपोआप चालू राहू लागली. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या किड्याने पुन्हा तेच दाखवले. त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झालेला असूनही ज्यांनी तो बसवला नव्हता, त्यांच्या एका संगणकातून हा किडा फाइली सामायिक करण्याच्या 445 क्रमांकाच्या पोर्टमार्गे त्याच नेटवर्कवरच्या इतर संगणकांत शिरत असे.

‘घरचा राउटर बाहेरच्यांना आत येऊ देत नाही, मग संगणकावर वेगळी फायरवॉल कशाला?’ असा युक्तिवाद आपले शेजारी करतील, आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. पण राउटरच्या आतल्या बाजूला काय काय आहे ते पाहा. आपला लॅपटॉप आहे, जो ग्राहकांकडे जातो आणि तेथल्या नेटवर्कला जोडला जातो. मुलाच्या मित्रांचे लॅपटॉप आहेत. सर्वांचे फोन आणि भिंतीवरचा टीव्ही आहे. यांपैकी एकात बिघाड शिरला तर डेस्कटॉपवरील हिशेबांपर्यंत पोचण्याच्या वाटेत राउटर नसतो, फक्त डेस्कटॉपची स्वतःची फायरवॉल असते. काही जण विंडोजची फायरवॉल सेवाच थांबवण्याची युक्ती सांगतात. तसे करू नका. त्यामुळे स्टार्ट मेन्यू बंद पडणे, ॲप्स बसण्यात किंवा अद्ययावत होण्यात अडचणी येणे असे प्रकार होऊ शकतात, आणि तेव्हा कारण शोधणे आणखी कठीण जाते.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नवे ॲप अडवल्यास मला कळवा’ अशा अर्थाची एक खूण असते, तीही काढता येते. ती काढल्यावर चौकट येणे थांबते आणि फायरवॉल चालूच राहते. पण मग नवे सॉफ्टवेअर गुपचूप अडवले जाते आणि ते का चालत नाही हे आपल्याला कळत नाही. फक्त ब्राउझर आणि ई-मेल वापरणाऱ्या एखाद्या आजोबांच्या संगणकावर मी ही सूचना आनंदाने बंद करीन. आपल्या घरी, जिथे दोन संगणक एकमेकांशी बोलतात, ती चालू राहावी असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष काम एखाद्या निवांत दुपारी करा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून कंट्रोल पॅनेलमधील फायरवॉल उघडा आणि ‘अलाऊ ॲन ॲप’ या दुव्यावरून परवानग्यांची यादी पाहा. अधिक बारकाईने पाहायचे तर ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधील ‘इनबाउंड रूल्स’ उघडा. येथे हिरवी खूण म्हणजे परवानगी आणि लाल खूण म्हणजे मनाई. आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नावाचे सर्व नियम, हिरवे आणि लाल दोन्ही, काढून टाका. विंडोजचे स्वतःचे नियम मात्र जसेच्या तसे ठेवा. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. आता चौकट येईल, आणि ती यायलाच हवी. तिच्यातील नाव, निर्माता आणि पत्ता वाचा. पत्ता आपल्या ओळखीच्या फोल्डरचा असेल तर फक्त ‘प्रायव्हेट’वर खूण ठेवून परवानगी द्या. निर्माता अज्ञात असेल आणि पत्ता ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’ फोल्डरचा असेल, तर परवानगी देऊ नका, त्या फाइलची अँटिव्हायरसकडून तपासणी करून घ्या. अँटिव्हायरसची फायरवॉल काम करत असेल तर हीच कृती त्याच्या नियमांच्या यादीत करावी लागेल.

यजमानांकडे किंवा पुढे मुलाकडे एखाद्या कंपनीने दिलेला लॅपटॉप आला, तर त्यावर यातले काहीही करू नका. कंपनीच्या धोरणात स्थानिक नियम ग्राह्य धरायचे नाहीत असे ठरवलेले असेल, तर आपण कितीही वेळा परवानगी दिली तरी तिचा उपयोग होत नाही. तो प्रश्न त्यांच्या संगणक विभागाकडेच न्यावा लागतो.

राहिला विंडोज नव्याने टाकण्याचा प्रश्न. फायरवॉलच्या चौकटीसाठी त्याची गरज नाही. नियमांचा गुंता आपल्याला सुटेनासाच झाला, तर कंट्रोल पॅनेलमधील फायरवॉलच्या पानावर डावीकडे ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ हा पर्याय आहे. तो आपण व आपल्या सॉफ्टवेअरनी तयार केलेले सर्व नियम पुसून फायरवॉल मूळ स्थितीत आणतो. त्यानंतर दोन-तीन दिवस प्रत्येक सॉफ्टवेअर पुन्हा एकेकदा विचारील, आणि तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे सावकाश उत्तरे द्यावी लागतील. आपल्या डेस्कटॉपवर अजून विंडोज 10 असेल तर त्याचा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे विंडोज 11 कडे जाण्याचा विचार जरूर करा, पण तो त्या कारणासाठी करा. एवढे करूनही एखादी चौकट पुन्हा येत राहिली, तर तिचे छायाचित्र काढा, त्यात सॉफ्टवेअरचा संपूर्ण पत्ता दिसू द्या, आणि ती संगणक सुरू होताना आली की एखादे काम करताना, हे लिहून मला पुन्हा पाठवा.